नाव ठेवायच्या आधीच नावं ठेवतात, म्हणून घरात सांगितलंच नाही तर?

सातवा_सरतोय

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मला तिसावा आठवडा चालू आहे. मी आणि नवऱ्याने बाळाचं नाव ठरवलंय, म्हणजे दोन ठरवलीयत, एक मुलीचं एक मुलाचं. आणि आमचं असं ठरलंय की बारशापर्यंत कुण्णालाही सांगायचं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही.

एवढं टोकाला का गेलो ते सांगते. चौथ्या महिन्यात एका रविवारी सगळे जेवायला बसले होते, सासूबाई, सासरे, दीर, मावससासूबाई पण आलेल्या, आणि मी आपलं सहज बोलून गेले की मुलगी झाली तर आम्हाला रेवा आवडतंय. झालं. मावससासूबाई म्हणाल्या, अगं आमच्या समोरच्या बंगल्यातली कुत्री आहे रेवा, रोज रात्री अकराला ओरडते. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, ते म्हणाले रवा? रवा कशाला, आहे की घरात. तिथून दीर सुटला, रवा, मैदा, बेसन, जुळी झाली तर रवा-बेसन लाडू. सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, नदीचं नाव नको गं, टिकत नाही. म्हणजे काय ते मला तेव्हाही कळलं नाही. आमटी गार व्हायच्या आत नावाचा निकाल लागला होता. अजूनही सकाळी उपमा केला की दीर विचारतो, आज रेवाचा का?

त्या दिवसापासून तोंडाला कुलूप. पण आता त्रास वेगळाच सुरू झालाय. सासूबाई दिवसाआड विचारतात. नणंद इंदूरला असते, ताई मोठ्या आहेत माझ्यापेक्षा, त्या दर रविवारी फोनवर "वहिनी, आत्या मी आहे की शेजारची?" आणि परवा सासूबाई शेजारच्या काकूंना मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, आम्हाला कुठं काय सांगतात, आम्ही परके.

मला खरंच कुणाला दुखवायचं नाहीये. पण सांगितलं की काय होतं तेही बघितलंय. तुम्ही लोकांनी काय केलंत?

कोकणी_मेवा

अजिबात सांगू नकोस. माझ्या वहिनीने सांगितलंन आणि सहा महिने रोज एक नवीन नाव व्हॉट्सॲपवर यायचं, शेवटी कंटाळून तिसऱ्याच कुणाचं तरी नाव ठेवलंनीत आणि आता ते कुणालाच आवडत नाही, तिलाही.

रवा-बेसनला मात्र हसू आवरलं नाही, सॉरी.

दोनदा_आत्या

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, राग मानू नकोस.

मी दोन भावांची एकुलती बहीण. थोरल्याच्या मुलाच्या बारशाला मी सोलापूरहून रात्रभर प्रवास करून गेले, अंगडं-टोपडं स्वतः शिवलेलं, चांदीचे वाळे घेतलेले. नाव विचारलं तर दोघं हसून "सरप्राईज आहे". म्हटलं असू दे, कानात सांगायच्या आधी सांगतीलच की. आणि हॉलवर पोचते तर काय, दारातच अडीच फुटी थर्माकोलचं नाव, वर लाईटिंग, आत टेबलावर केक आणि केकवर पण नाव. डेकोरेशनवाल्याला माहीत, केकवाल्याला माहीत, हॉलच्या वॉचमनला माहीत, आणि आत्या बूट काढता काढता वाचतेय. मग मला पाळण्याशी उभं करून म्हणे आता कानात सांग. काय सांगू? कुर्र केलं आणि जे बाहेर वाचलं तेच म्हटलं. मागून बायकांनी पाठीत गुद्दे घातले ते त्या दिवशी खरे लागले.

धाकट्याने वेगळं केलं. त्यानेही कुणाला सांगितलं नव्हतं, पण बारशाच्या दिवशी सकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, आमच्या दोघांनंतर हे तुलाच पहिल्यांदा कळतंय, चार तास पोटात ठेव. ते चार तास मी काय मिरवलेय म्हणून सांगू.

तर गुपित ठेवायला आत्याची हरकत नसते गं. आपल्याआधी केकवाल्याला कळू नये एवढंच असतं.

बॉस्टनकडचा_बाबा

वरच्या ताईंना दंडवत.

आमची गंमत. इथे मुलगी आहे हे विसाव्या आठवड्यातच कळलं होतं, नाव ठरलेलं, आईला (माझ्या, पुण्याहून आलेली) सांगितलं नव्हतं, बाराव्या दिवशी घरीच छोटं बारसं करून सांगू असा बेत. पण इथे हॉस्पिटलमधून सोडायच्या आधीच जन्मदाखल्याचा फॉर्म भरून घेतात, सोशल सिक्युरिटी नंबर पण त्यावरूनच येतो. आम्ही दुसऱ्या दिवशी गुपचूप भरून दिला. तासाभराने नर्स फॉर्म हातात घेऊन आली स्पेलिंग तपासायला, आणि खोलीत आई बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. नर्स मोठ्याने "सो, बेबी ओव्हाय?"

आम्ही दोघं गार. आई माझ्याकडे बघून म्हणते, काय रे, ओवाळायचं म्हणतेय का ती? आत्ता? इथे निरांजन कुठून आणू?

मी म्हटलं, हो, त्यांच्याकडे पद्धत आहे. दहा मिनिटं खपून गेलं. मग बायकोलाच हसू फुटलं आणि टाक्यांनी कळवळली बिचारी. नाव ओवी. आईला खूप आवडलं, पण अजूनही ती नातीला लाडाने ओव्हायच म्हणते.

स्पष्टच_बोलतो

एवढं काय लावलंय. राष्ट्रीय गुपित आहे का? आजी-आजोबांनी दोन शब्द बोलले तर बोलले. ठाम असाल तर दहा जण काय बोलले तरी नाव बदलणार नाही आणि ठाम नसाल तर नाव तुमचं नव्हतंच. लपवणं म्हणजे मोठ्या माणसांवर अविश्वास दाखवणं.

सातवा_सरतोय

@स्पष्टच_बोलतो, बोलणं सोपं आहे हो. ठाम होतो आम्ही. पण एकदा कुणी "कुत्री" म्हणालं की दर वेळी त्या नावाबरोबर ती कुत्री पण येते डोक्यात, त्याला ठाम असून काय करणार?

@दोनदा_आत्या, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं (हार्मोन्स पण आहेत, तरी). सकाळी सांगायची आयडिया लिहून ठेवली. आणि थर्माकोल कॅन्सल.

वऱ्हाडी_ठेचा

आमचा उपाय सांगतो, खोटं नाव सोडून द्या बाजारात. आम्ही पोरगा झाला तर "झुंझारराव" ठेवणार म्हणून घरात सांगून टाकलं. हिशोब असा होता की सगळे इतके घाबरतील की नंतर खरं नाव काहीही निघालं तरी सुटलो म्हणतील.

पहिले दोन दिवस बरोबर चाललं. सासूनं तोंड पाडलं, साल्यानं फोटोशॉपमध्ये फेटा घालून पाठवला. तिसऱ्या दिवशी आमचे बाबा गावावरून फोन करून म्हणतात, नाव लय दमदार आहे बाप्पा, मी शाळेतल्या सगळ्या मास्तरांना सांगून टाकलं. पोरगी झाली म्हणून वाचलो, नाहीतर कठीण होतं. बाबा अजून म्हणतात, पुढच्या वेळी झुंझारराव.

तर खोटं नाव सोडायचं असेल तर जरा जपून, कोणाला आवडेल याचा भरवसा नाही.

निवृत्त_संस्कृत

सातवा_सरतोय, तुमच्या सासूबाईंना सांगा की हे नवीन खूळ नाही, फार जुनं आहे.

आश्वलायन गृह्यसूत्रात नामकरणाचा विधी आहे, त्यात व्यवहारातलं नाव सांगून झाल्यावर आणखी एक अभिवादनीय नाव ठरवायला सांगितलंय, आणि ते उपनयनापर्यंत फक्त आईवडिलांनाच माहीत असावं असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे तुम्ही बारा दिवसांचं गुपित मागताय, सूत्रकार सात-आठ वर्षांचं देतात. बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायातही नवजात बाळाला "वेदोऽसि" म्हणून नाव द्यायचं आणि तेच त्याचं गुह्य नाव असं आहे. त्याच गृह्यसूत्रात पुरुषाच्या नावात अक्षरं सम आणि स्त्रीच्या नावात विषम असावीत असंही आहे, म्हणजे त्या हिशोबाने तुमची रेवा आधीच बाद होती, कुत्रीची गरज नव्हती!

आणि आपल्याकडे पत्रिकेतलं नावरस नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं ठेवायची पद्धत आहेच. पत्रिका बघेपर्यंत कित्येकांना आपलं नावरस नाव ठाऊकच नसतं.

पांघरूण

गुरुजी, नावरसाचा विषय काढलात तर. आमच्याकडे सासूबाईंची अट होती की अक्षर पत्रिकेप्रमाणेच पाहिजे. मी म्हटलं ठीक, मग आधी नाव सांगायचा प्रश्नच मिटला. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं, आणि चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र चालतो, म्हणजे अंदाजे दर सहा तासांनी अक्षर बदलतं. डॉक्टर जेवायला गेले तरी अक्षर हलायचं. नऊ महिने मी "जन्मवेळ कळल्याशिवाय कसं सांगणार आई" म्हणून सुटले.

आणि झालं काय तर आर्द्रा, तिसरा चरण. अक्षर ङ. गुरुजींनी पंचांग दोनदा बघितलं. सासूबाईच म्हणाल्या, मरू दे, तुमचं काय ठरलंय ते सांगा.

टेबल_क्र_४

मी एका नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीला आहे, म्हणून थोडं कामाचं लिहितो.

एक, नाव ठरलेलं असो नसो, जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला पाहिजे. हॉस्पिटलमध्ये जन्म असेल तर माहिती तेच पाठवतात. नावाची घाई नाही, तो रकाना कोरा राहू शकतो. बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण म्हणून विसरू नका, शाळेच्या वेळी धावत येतात लोक.

दोन, हे जास्त महत्त्वाचं. हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म कोण भरतंय त्यावर लक्ष ठेवा. आमच्याकडे एक केस होती, बाळाची आई आत, बाबा औषधं आणायला, आणि काउंटरवर आजोबा. क्लार्कने विचारलं नाव? आजोबांनी आपल्या वडिलांचं नाव ठणकावून सांगितलं. तेच इकडे आलं, तेच चढलं. कोऱ्या रकान्यात नाव घालणं सोपं, चढलेलं बदलणं नाही, त्या जोडप्याने किती हेलपाटे घातले ते मी बघितलेत. तुमच्या नवऱ्याला आधीच सांगून ठेवा, नावाचा रकाना कोरा सोड म्हणून.

तीन, आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. तेव्हा ठरवलेलं नाव तुमच्या दोघांच्या नावांपुढे एकदा पूर्ण लिहून बघा. आणि इंग्रजी स्पेलिंग आजच ठरवा, एक डबल ए की एकच, यावरून माझ्या टेबलापुढे घटस्फोट व्हायची वेळ आलेली बघितलीये.

लेस्टरची_काकू

आमच्याकडे इंग्लंडमध्ये नोंदणीला ४२ दिवस देतात, त्यामुळे बारसं आरामात होतं, झूमवर सगळं खानदान गोळा झालं होतं, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" इथून दोघीच म्हणत होतो आणि तिकडून बावीस जणी, सगळ्यांचा आवाज मागेपुढे.

पण मला एक कळलं नाही, दोन नावं ठरवायचा व्याप कशाला? डॉक्टर ओळखीचे असतील तर सांगत नाहीत का?

टेबल_क्र_४

काकू, तसं विचारू पण नका इथे. १९९४ चा कायदा आहे, सांगणारा डॉक्टरही आत आणि विचारणारेही. महाराष्ट्रात तर त्याच्याही आधी १९८८ लाच आपला वेगळा कायदा आला होता. का आला ते आठवून बघा. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली, सगळ्यांची नावं नकुशी किंवा नकुसा होती.

लेस्टरची_काकू

खरंय. तीस वर्षं बाहेर राहून विसरायला होतं. सॉरी हं.

रानजाई

सगळा धागा वाचला. एक विचारू का, तुझ्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय आहे?

आडनाव नाही, नाव. माझ्या सासूबाईंचं लग्नात बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात ना, ते. आम्हाला ते क्यूट वाटतं फोटोत. त्या एकदा मला म्हणाल्या की ताट समोर येईपर्यंत त्यांना माहीतच नव्हतं काय लिहिणार आहेत. सासऱ्यांनी ठरवलेलं, नवऱ्याला पण आदल्या रात्री कळलेलं. ताटात वाकून बघितलं आणि बारा अक्षरांतली चारच वाचता आली, डोळे भरलेले म्हणून. मग मुलांची नावं ठेवली सासूने. म्हणजे स्वतःचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत, आता कुठे नातवंडांच्या वेळी आपल्याला कोणी विचारेल असं वाटलेलं, तोवर सुना शिकलेल्या.

मी म्हणत नाही की सांग. मीही नव्हतं सांगितलं. पण ते "आम्ही परके" कुठून येत असेल ते बघ.

स्पष्टच_बोलतो

रानजाई, हे मला सुचलं नव्हतं. माझ्या आईचंही बदललेलं आहे. कधी विचारलं नाही मी.

कोकणी_मेवा

स्पष्टच_बोलतो पहिल्यांदाच गप्प झालेत, तारीख लिहून ठेवा.

सातवा_सरतोय

रानजाई, तुम्हाला काय म्हणू कळत नाहीये.

काल डोहाळजेवण झालं. झोपाळा, फुलांचा मुकुट, धनुष्यबाण, सगळं. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या, मी उघडली त्यात बर्फी निघाली, मावससासूबाईंनी टाळ्या वाजवून मुलगी जाहीर करून टाकली. सगळ्या गेल्यावर सासूबाई आणि मी दोघीच ओटीचे तांदूळ, खोबऱ्याच्या वाट्या, खारका वेगळ्या करत बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, सिंधू.

मी सहा वर्षं त्यांना सुनंदा म्हणूनच ओळखते. रेशनकार्डावर तेच, पासबुकावर तेच. म्हणाल्या, माझी आई मात्र जाईपर्यंत सिंधूच म्हणायची, ती गेली आणि ते नावही गेलं, आता मला त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. आणि परत तांदूळ निवडायला लागल्या.

नदीचं नाव टिकत नाही. मी चार महिने त्याला अंधश्रद्धा म्हणून नवऱ्याजवळ चिडचिड करत होते.

नाव मी तरीही सांगितलं नाही. त्यांनीही त्या दिवशी विचारलं नाही.

दोनदा_आत्या

आई गं.

वऱ्हाडी_ठेचा

दोन दिवस झाले वाचून, काही लिहायला सुचून नाही राहिलं. तब्येत सांभाळा.

गव्हलाकुरडई

धागा वर काढतेय. सातवा_सरतोय, आता तर नववा सरला असेल, काय झालं गं?

सातवा_सरतोय

झालं! मुलगी. एकोणचाळिसाव्या आठवड्यात, पहाटे. दोघी छान. बारसं होऊन पंधरा दिवस झाले, टाईप करायला एक हात रिकामा मिळत नव्हता म्हणून उशीर. आयडी बदलायला पाहिजे आता.

तर सगळं सांगते, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

टेबल_क्र_४ यांचे आभार, कारण हॉस्पिटलच्या काउंटरवर खरंच सासरे उभे होते. नवऱ्याने जिन्यावरून पळत येऊन रकाना कोरा ठेवला.

बारशाला ताई इंदूरहून रात्रीच्या बसने आल्या. सकाळी अंघोळ करून आल्यावर मी त्यांना आत बोलावलं आणि चिठ्ठी दिली. घरात आम्हा दोघांनंतर तुम्हालाच, असं सांगितलं. त्यांनी उघडली, वाचली, माझ्याकडे बघितलं, परत वाचली आणि जी हसायला लागली ती बाई, तोंडात पदर कोंबून. म्हणाली, वहिनी, अगं आमच्या इंदूरच्या नळाला हीच येते रोज!

हो. रेवा. नर्मदाच की ती.

दुसरं नाव आवडलंच नाही मला कधी. नवऱ्यालाही. पहिल्या दिवशी जे मनात आलं तेच राहिलं, फक्त घरात त्याचं नाव काढायचं बंद केलं होतं. निवृत्त_संस्कृत गुरुजी, अक्षरं सम आहेत माहीत आहे, माफ करा.

आता गंमत ऐका. संध्याकाळी पाळण्याखालून वरून बाळ फिरवून झालं, ताईंनी कानात कुर्र करून नाव सांगितलं, गुद्दे खाल्ले, मग मोठ्याने सांगितलं. मला वाटलं आता येणार, रवा, कुत्री, बेसन. काही नाही. मावससासूबाई म्हणाल्या, "अय्या किती गोड, आणि किती वेगळं!" वेगळं! त्यांच्या समोरच्या बंगल्यात रोज रात्री अकराला ओरडतं ते! सासऱ्यांना दीराने कानाशी जाऊन सांगितलं तर म्हणाले, छान आहे, आणि पाकीट ठेवलं पाळण्यात. तीच माणसं, तेच नाव. जेवताना विचारलं तेव्हा सगळे परीक्षक होते आणि पाळण्याशी सांगितलं तर सगळे पाहुणे. फक्त दीराने रात्री हळूच विचारलं, वहिनी, उद्या उपमा?

सासूबाई तेव्हा पाळण्याची दोरी धरून उभ्या होत्या. नाव ऐकून काही बोलल्या नाहीत, पाळणा म्हणत राहिल्या. सगळं उरकल्यावर बाळाकडे बघून म्हणाल्या, "बरं. आता हे कुणी बदलायचं नाही." कुणाला उद्देशून ते माहीत नाही.

मी त्यांना म्हटलं होतं की पाळण्यातलं एक नाव तुम्ही ठेवा, ते तुमचं, आम्ही विचारणार नाही. त्यांनी चार दिवस घेतले. मला वाटलं होतं काय म्हणतील ते तुमच्याही मनात आलं असेल. तर नाही. म्हणाल्या, कागदावर तुमचं राहू दे, मी आपली तिला ठमी म्हणेन.

आणि झालंय असं की एवढं जपलेलं नाव अजून कुणी घेतच नाही. सासूबाई ठमी, सासरे ठमाबाई, दीर ठम्स, इंदूरहून व्हिडिओ कॉल आला की ताई "कुठंय आमची ठमी". काल मी स्वतः दुपट्यात गुंडाळताना म्हटलं, गप गं ठमे. आणि ती गप्प झाली.

कोकणी_मेवा

ठमीला अनेक आशीर्वाद!! आणि तुझा दीर जाम आवडला मला.

पांघरूण

अभिनंदन गं. नावरस काय आलं?

सातवा_सरतोय

ठ नाही आलं, आधीच सांगते. हस्ताचा चौथा चरण हुकला तीन तासांनी.

बॉस्टनकडचा_बाबा

ओव्हायकडून ठमीला खूप खूप प्रेम.

स्पष्टच_बोलतो

अभिनंदन. आईला विचारलं. तिचं कुसुम होतं. मला बासष्ट वर्षांत माहीत नव्हतं.

गव्हलाकुरडई

सगळं सांगितलंस पण घुगऱ्या कशाच्या केल्या ते नाही सांगितलंस. आमच्याकडे गव्हाच्या की हरभऱ्याच्या यावरून पुढच्या आठवड्याच्या बारशाचं आत्तापासून पेटलंय, आणि गव्हाच्या करायच्या तर आदल्या रात्री भिजवून कुकरच्या किती शिट्ट्या?

सातवा_सरतोय

हरभऱ्याच्या, वर खोबरं. शिट्ट्यांचं सासूबाईंना विचारून सांगते, आत्ता ठमीला खेळवतायत.